आधी दुसरी प्रत, मग नवी विंडोज

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून नेहमीप्रमाणे मिळणारे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचे काय करायचे यावर सल्ल्यांची कमतरता नाही. कोणी म्हणते नवा घ्या, कोणी म्हणते विंडोज ११ टाकून घ्या, कोणी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत यंत्रणेची शिफारस करते. तिन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण तिन्हींत एक पायरी राहून जाते. डिस्कवर जे आहे त्याची दुसरी प्रत तयार आहे का आणि ती उघडून पाहिली आहे का, हे आधी विचारायला हवे. लग्नाचे फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्या, जमिनीच्या जुन्या खरेदीखताचे स्कॅन, सोसायटीचे हिशेब हे सगळे डिस्क बिघडली तरच जाते असे नाही. “फॉरमॅट करून देतो, तासाभरात घेऊन जा” या एका वाक्यानेही ते कायमचे जाऊ शकते. म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, घाई करायचे कारण नाही. अपडेट थांबले म्हणून विंडोज १० बंद पडत नाही. नव्याने सापडणाऱ्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत, म्हणून इंटरनेट बँकिंगसाठी ती दिवसेंदिवस धोक्याची होत जाते. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात विंडोज अपडेट उघडले की नोंदणीची ओळ दिसते. खात्यावर सेटिंग्ज साठवायला परवानगी दिली तर पैसे लागत नाहीत. नाहीतर एकदाच ३० डॉलरच्या आसपास रक्कम भरावी लागते. एका नोंदणीत त्याच खात्याचे १० कॉम्प्युटर बसतात. ही नोंदणी आज करून टाकावी आणि मिळालेला वेळ फायलींची नीट व्यवस्था लावण्यात घालवावा.

आता सर्वांत मोठा गैरसमज. “माझा डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे, त्यामुळे सुरक्षित आहे.” सी आणि डी या बहुतेक घरांत एकाच डिस्कच्या दोन वाटण्या असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. आणि डिस्क ठणठणीत असली तरी विंडोज ११ बसवताना डी जाण्याची जी शक्यता आहे, तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

जुन्या असेंबल्ड कॉम्प्युटरवर विंडोज बऱ्याचदा जुन्या पद्धतीने, म्हणजे वाटण्यांची नोंद एमबीआर या जुन्या तक्त्यात ठेवणाऱ्या डिस्कवर बसवलेली असते. विंडोज ११ ला यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारा कॉम्प्युटर लागतो आणि त्यासाठी डिस्क जीपीटी या नव्या तक्त्याची असावी लागते. पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ बसवायला घेतली की पडद्यावर संदेश येतो की या डिस्कवर एमबीआर तक्ता असल्यामुळे इथे विंडोज बसवता येत नाही. घाईत असलेला माणूस मग सगळ्या वाटण्या एकापाठोपाठ डिलीट करतो आणि पूर्ण डिस्क रिकामी करून पुढे जातो. त्यात डीही जाते. डिस्क न पुसता प्रकार बदलणारे एमबीआर-टू-जीपीटी नावाचे साधन विंडोजमध्येच आहे, पण त्याच्या अटी आहेत: प्रायमरी म्हणजे मुख्य वाटण्या तीनपेक्षा जास्त नकोत आणि एक्स्टेंडेड वाटणीतली लॉजिकल ड्राइव्ह, म्हणजे पोटवाटणी, तर एकही नको. जुन्या कॉम्प्युटरवर डी, ई, एफ अशा ड्राइव्ह पाडल्या असतील तर त्या बहुधा लॉजिकलच असतात. म्हणजे ज्याला या साधनाची गरज आहे, नेमके त्याच्याकडे ते नकार देते. दुसरा धोका असा की विंडोज बसवण्याच्या पडद्यावर सी, डी ही अक्षरे दिसतच नाहीत. तिथे डिस्क ०, पार्टिशन १, पार्टिशन २ असे लिहिलेले असते आणि फक्त आकारावरून ओळखावे लागते. दोन वाटण्या सारख्याच आकाराच्या असल्या तर चूक व्हायला एक क्लिक पुरते.

यावरचा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत चांगला उपाय असा: जुन्या डिस्कवर काही करूच नये. कॉम्प्युटर उघडून ती काढून घ्यावी, तिच्या जागी नवी २५० किंवा ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, लावावी आणि नवी यंत्रणा, कोणतीही असो, त्या कोऱ्या एसएसडीवर बसवावी. जुन्या कॉम्प्युटरचा वेग एवढ्याने इतका सुधारतो की नवा घ्यायचा विचार अनेकांना पुढे ढकलता येतो. काढलेल्या डिस्कमधल्या फायली नंतर निवांत उतरवून घेता येतात. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला साटा-टू-यूएसबी केबल पुरते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. तो नसलेली केबल घेतली तर डिस्क फिरणारच नाही आणि ती बिघडली असा उगाच समज होईल. मात्र ही जुनी डिस्क हीच दुसरी प्रत समजून कपाटात टाकू नका. ती आधीच म्हातारी आहे.

प्रत घ्यायची तर कशाकशाची? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चार ठिकाणे सगळ्यांना आठवतात. विसरतात ती पुढची. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल. टॅली असेल तर तिचा डेटा फोल्डर. तो कुठे आहे हे टॅलीच्या कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसते, अंदाज करू नये. ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड. स्कॅनरचे सॉफ्टवेअर स्कॅन कुठेतरी आडबाजूच्या फोल्डरमध्ये टाकते, तेही शोधावे. विंडोज ११ मध्ये किंवा अलीकडे मायक्रोसॉफ्ट खाते जोडलेल्या विंडोज १० मध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स प्रत्यक्षात वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या फोल्डरमध्ये हलवलेले असू शकतात. ज्या फायलींवर ढगाची खूण दिसते त्या तुमच्या डिस्कवर नसतातच, फक्त नाव असते. अशा फोल्डरवर उजवे क्लिक करून फायली कायम या डिव्हाइसवर ठेवण्याचा पर्याय निवडावा, सगळे उतरू द्यावे, मगच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावी.

मराठी घरांसाठी एक वेगळी सूचना, कारण ही इंग्रजी मार्गदर्शनात कुठेच सापडणार नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची आपली बरीच पत्रे, स्मरणिका, कुलवृत्तान्त, संस्थांची इतिवृत्ते युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत नाहीत. ती श्री-लिपी, आकृती, कृतीदेव किंवा पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने केलेल्या आयएसएम सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. अशा फाइलमध्ये खरे तर रोमन चिन्हेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी आकार देतो. फाइल नव्या कॉम्प्युटरवर नेली आणि फॉन्ट नेला नाही, तर उघडल्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसतात आणि फाइल खराब झाली असे समजून लोक ती पुसून टाकतात. फाइल ठीक असते. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले हे जुने फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावेत, आणि जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवरच प्रत्येक महत्त्वाच्या दस्तऐवजाची पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधला जातो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर उघडून एकदा खात्री करून घ्यावी. मूळ फाइल, फॉन्ट आणि पीडीएफ तिन्ही एकत्र ठेवावे. पुढे कोणी युनिकोडमध्ये रूपांतर करायचे ठरवले तर मूळ फाइलच लागेल. काही जुनी मराठी सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या मागे लावायच्या हार्डवेअर लॉकवर चालत. तो लॉक भंगारात देऊ नका.

सातबारा, आधार, पॅन, गुणपत्रिका यांची मात्र एवढी चिंता नको. सरकारी संकेतस्थळावरून किंवा डिजिलॉकरमधून त्यांतले बरेच पुन्हा मिळते. जे पुन्हा मिळणार नाही त्याला पहिला मान द्यावा.

प्रत घ्यायला कोणते साधन घ्यावे? बहुतेक घरांना १ किंवा २ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क पुरते, आणि एकाऐवजी दोन घ्याव्यात, शक्यतो वेगवेगळ्या वेळी किंवा वेगवेगळ्या कंपनीच्या. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवणीला नाही. एसएसडी वेगवान असली तरी ती विजेशिवाय वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो. पडून राहणाऱ्या प्रतीसाठी हार्डडिस्कच बरी. ऑनलाइन काहीशे रुपयांत २ टीबीचा पेन ड्राइव्ह किंवा एसएसडी दिसली तर ती खोटी आहे असेच धरून चाला. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि ती कॉम्प्युटरला खोटा आकार सांगते. फायली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, नावेही दिसतात, उघडायला गेले की आत काही नसते. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्सवर एफ-थ्री ही मोफत साधने पूर्ण जागा भरून, परत वाचून खरा आकार सांगतात. नवे साधन कोणतेही असो, पहिल्या दिवशी ही चाचणी करावी. मोठ्या डिस्कला रात्रभर लागेल, लागू द्यावी.

डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट करायची यावर बरेच जण अडतात. फॅट-३२ नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका त्याहून मोठा असतो. घरात विंडोज आणि लिनक्स असेल तर एनटीएफएस ठेवावी. मॅकही असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅटमध्ये लिहिण्याची नोंदवही नसते, म्हणून कॉपी चालू असताना वीज गेली किंवा केबल ओढली गेली तर नुकसान जास्त होते. इजेक्ट केल्याशिवाय डिस्क काढू नये हा नियम तिथे काटेकोर पाळावा.

प्रत्यक्ष कॉपीसाठी माउसने ओढून टाकणे पहिल्या वेळी चालते, दुसऱ्या वेळी गोंधळ सुरू होतो. काय नवे, काय जुने, कोणते अर्धवट राहिले, काही कळत नाही. फ्री-फाइल-सिंक हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. डावीकडे कॉम्प्युटरचा फोल्डर, उजवीकडे बाहेरच्या डिस्कचा फोल्डर निवडावा, कम्पेअर दाबावे, काय बदलणार आहे त्याची यादी वाचावी आणि मगच सिंक्रोनाइझ दाबावे. त्यात मिरर, अपडेट आणि टू-वे असे पर्याय आहेत. घरच्या माणसाने अपडेट निवडावा. मिरर हा उजवीकडचा फोल्डर डाव्यासारखा हुबेहूब करतो. डावीकडून एखादा फोल्डर चुकून पुसला गेला असेल तर तो उजवीकडूनही पुसतो. डावीकडे चुकून रिकामा फोल्डर निवडला तर अख्खी प्रत साफ. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपीच्या साधनातला मिर हा स्विच आणि लिनक्सच्या आरसिंक या तशाच साधनातला डिलीट हा पर्याय याच कारणाने जपून वापरायचे असतात. शिवाय फ्री-फाइल-सिंकमध्ये व्हर्जनिंग चालू करावे, म्हणजे बदललेल्या फाइलची जुनी आवृत्ती तारखेसह वेगळ्या फोल्डरमध्ये राहते.

वेळ किती लागेल? यूएसबी ३.० च्या निळ्या खाचेतून साधारण १०० एमबी दर सेकंदाला जातात असे धरले तर ५०० जीबीला दीड तास. जुन्या यूएसबी २.० मधून ३० एमबीच्या वेगाने तेवढेच न्यायला साडेचार तासांहून जास्त. लाखभर बारीक फायली असतील तर दोन्ही आकडे कितीतरी वाढतात, आणि अनेक स्वस्त पोर्टेबल डिस्क सलग लिहिताना काही वेळाने मंदावतात. ती बिघडलेली नसते. रद्द करून पुन्हा सुरू करू नये. काम संपले की दोन्हीकडच्या फोल्डरवर प्रॉपर्टीज उघडून फायलींची संख्या आणि एकूण बाइट्स जुळवावेत. नंतर ती डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावून वेगवेगळ्या वर्षांतले पाच-दहा फोटो, एखादा व्हिडिओ, एखादी एक्सेल फाइल उघडावी. व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून पाहावा, कारण अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला व्यवस्थित चालतो. एवढे झाल्यावरच ती प्रत म्हणायची.

आणि मग डिस्क काढून ठेवायची. हे सांगावे लागते, कारण पुष्कळ जण पोर्टेबल डिस्क कायम जोडलेली ठेवतात. खंडणीखोर व्हायरस कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फायली कुलूपबंद करतो. त्याला मूळ आणि प्रत यातला फरक कळत नाही. स्टॉप-डीजेव्हीयू या नावाने ओळखली जाणारी व्हायरसची जात मुख्यतः फुकटात क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून आणि बनावट ॲक्टिव्हेटरमधून पसरली. विंडोज ॲक्टिव्हेट करून देणारे ॲक्टिव्हेटर चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हाच सावध व्हायला हवे. फायली अडकल्याच तर पैसे भरू नयेत, त्या पुसूही नयेत. युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या नो मोअर रॅन्सम या संकेतस्थळावर काही जातींच्या किल्ल्या मोफत मिळतात, आणि आज न मिळालेली किल्ली पुढे मिळू शकते.

दोनपैकी एक डिस्क घराबाहेर हवी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणने जे पाहिले त्यानंतर याचे कारण वेगळे सांगायला नको. तळमजल्यावरच्या कपाटात मूळ कॉम्प्युटर आणि प्रत दोन्ही असतील तर पाणी दोघांनाही सारखेच गाठते. आपल्याकडे सणावारी गावी जाण्याची पद्धत आहे, तिचाच उपयोग करावा. एक डिस्क गावच्या किंवा बहीण-भावाच्या घरी ठेवावी आणि गणपतीला, दिवाळीला जाताना घरची ताजी डिस्क नेऊन तिथली परत आणावी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातल्या दमटपणाने जोडण्या गंजतात, म्हणून डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डब्यावर काय आहे आणि कोणत्या तारखेपर्यंतचे आहे याची चिठ्ठी चिकटवावी. बाहेर जाणाऱ्या डिस्कला कुलूप लावावे का? बँकेची कागदपत्रे असतील तर तेवढ्या फोल्डरपुरते व्हेराक्रिप्टसारखे साधन वापरावे. फोटोंना मात्र मी कुलूप लावू नये असेच म्हणेन. घरातल्या एकाच माणसाला पासवर्ड माहीत असतो आणि तो माणूस गेल्यावर फोटो असून नसल्यासारखे होतात.

क्लाउडविषयी थोडक्यात. गूगलचे मोफत १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत वाटलेले आहेत. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात, आणि त्यानंतर अँड्रॉइडवरची व्हॉट्सॲपची प्रतही मोजली जाऊ लागली. जागा भरली की मेल येणे थांबते. फोनवरच्या गूगल फोटो ॲपमधून फोटो पुसला तर तो खात्यावरूनही जातो, कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग संपतो. ही सोय आहे, पण आपल्या हातातली प्रत तिच्या जोडीला हवीच. दोन वर्षे न उघडलेले खाते गूगल पुसू शकते, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्यात निष्क्रिय खाते व्यवस्थापक ही सोय चालू करून मुलांचा ईमेल पत्ता नोंदवून ठेवावा. मुले परदेशी असतील तर हे आवर्जून करावे.

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून विंडोज बदलायला निघालेल्यांनी आधी डिस्कची तब्येत पाहावी. क्रिस्टल-डिस्क-इन्फो हे मोफत साधन उघडले की रिअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या ओळी दिसतात. पेंडिंगचा आकडा शून्याहून जास्त असेल तर डिस्क काही जागा वाचू शकत नाही. अशा वेळी चेकडिस्क किंवा डीफ्रॅग चालवू नये, त्याने आजारी डिस्कला जास्त राबवले जाते. आधी महत्त्वाचे फोल्डर, मग बाकीचे, या क्रमाने लगेच उतरवून घ्यावे. टकटक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर बंद करून डिस्क दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याने उरलेसुरलेही जाते. एसएसडीच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवावे. हार्डडिस्कवरून चुकून पुसलेली फाइल बऱ्याचदा परत काढता येते. एसएसडी मात्र पुसलेली जागा स्वतःच आतून साफ करते, त्यामुळे तिथे ती आशा जवळजवळ नसते.

हे सगळे झाले की यंत्रणेचा निर्णय सोपा होतो. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट ही सोय आणि टीपीएम २.० हे सुरक्षेचे अंग लागते. बऱ्याच कॉम्प्युटरवर टीपीएम असते पण बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद असते. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने सापडते. चालू करून पुन्हा तपासावे, त्याआधी नवा मदरबोर्ड घ्यायला धावू नये. मात्र डिस्क एमबीआर असताना बायोसमधला लेगसी हा जुन्या पद्धतीचा पर्याय बंद केला तर आहे ती विंडोज सुरू होणार नाही. घाबरू नये, तो पर्याय पूर्ववत केला की सुरू होते.

अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारेही आहेत. ती बसते, पण मायक्रोसॉफ्ट अशा कॉम्प्युटरला अपडेटची हमी देत नाही आणि मोठी वार्षिक आवृत्ती आपोआप येत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरवर तर विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञा त्या प्रोसेसरला कळत नाहीत. सुरक्षेसाठी बदल करायचा आणि हमीच नसलेली यंत्रणा घ्यायची, हे मला पटत नाही. आणखी एक इशारा: २४एच२ नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरले की अनेक कॉम्प्युटरवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट केले की ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती खात्यावर साठवलेली असते. पण दुकानदाराने स्वतःच्या किंवा तात्पुरत्या खात्याने कॉम्प्युटर सुरू करून दिला असेल तर किल्ली त्याच्याकडे आणि फायली कायमच्या बंद. कॉम्प्युटर घरी आणल्या दिवशीच ही किल्ली कागदावर उतरवून घ्यावी.

ज्यांचा कॉम्प्युटर अटींत बसत नाही आणि काम ब्राउझर, पत्रव्यवहार, फोटो, व्हिडिओ एवढेच आहे, त्यांनी लिनक्स मिंट जरूर वापरावे. २२ या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी, ८ असेल तर सिनॅमन. पेन ड्राइव्हवरून डिस्कला हात न लावता ते चालवून पाहता येते आणि ही पायरी टाळू नये. त्यात वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासावा. आपल्याकडे घरोघरी असलेल्या प्रिंटरपैकी एचपी लेझरजेट १०२० ला वेगळे प्लगिन उतरवावे लागते, आणि कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर नीट चालवणे कटकटीचे आहे. टॅली, मॅक्रो असलेल्या एक्सेल युटिलिटी, डिजिटल सही यांवर ज्यांचा व्यवसाय चालतो त्यांनी विंडोजच ठेवावी. तिथे लिनक्सचा आग्रह धरणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

मराठी टायपिंगची अडचण येत नाही. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही आराखडे आहेत. मंगल फॉन्ट मात्र मिंटमध्ये नसतो, त्यामुळे वर्डमधल्या जुन्या दस्तऐवजांची पाने सरकतात. आणि फायलींची नावे लांबलचक मराठीत ठेवणाऱ्यांसाठी महत्त्वाचे: लिनक्सच्या एक्स्ट-४ पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी धरून, ३ बाइट घेते. म्हणजे नाव सुमारे ८५ चिन्हांत बसले पाहिजे. होम फोल्डर एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडला तर ही मर्यादा पन्नाशीच्याही खाली येते. विंडोजवर बिनतक्रार राहिलेली फाइल इथे कॉपी होताना नाव फार लांब आहे म्हणून अडते, आणि घाईत कोणी वगळा म्हटले की मागेच राहते. नावे आधीच आखूड करून घ्यावीत. मिंटमधले टाइमशिफ्ट हे यंत्रणेची प्रत घेते, तुमच्या फोटोंची नाही. विंडोजच्या रिस्टोअर पॉइंटचेही तसेच आहे. दोन्ही चालू आहेत म्हणून निर्धास्त राहू नये.

शेवटी कॉम्प्युटर विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या व्यावसायिकांना आपल्या पत्रामार्फत जाहीर विनंती. विंडोज बदलायला कॉम्प्युटर घेताना पावतीवर तीन गोष्टी लिहून ग्राहकाची सही घ्यावी: फायलींची प्रत ग्राहकाकडे आहे की नाही, कोणत्या वाटण्या पुसल्या जाणार आहेत, आणि नव्या यंत्रणेत कोणाचे खाते वापरले. डिस्क बदलली असेल तर जुनी डिस्क न पुसता ग्राहकाच्या हातात परत द्यावी, एक्स्चेंजमध्ये घेऊ नये. ग्राहकांनीही ती मागून घ्यावी. मुलाबाळांचे फोटो असलेली डिस्क दोनशे रुपयांच्या सवलतीत दुसऱ्याच्या काउंटरवर ठेवून येण्यासारखी वस्तू नाही.

आपला विश्वासू,
एक संगणक तंत्रज्ञ, सातारा